अरांकाचा ‘ना’

तिनं कोट काढला नाही. खुर्चीच्या कडेला टेकली,
उठून जायला सोपं पडावं तशी.
बाहेर होर्नाद गोठायला लागली होती,
आधी काठाकाठानं; मधे अजून काळं पाणी.
वय सत्तावन्न. पाळी जाऊन सहा वर्षं झाली
आणि पंधरा दिवसांपासून पुन्हा डाग.
एवढं सांगायला तिला अर्धा तास लागला.
घड्याळ मी ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

बाळंतपणं? तीन, म्हणाली.
मग खिडकीकडे बघत, हळू :
तिसऱ्या वेळी कळा चालू असतानाच कागद आणला.
पेन बोटांत दिलं. हात धरला कुणीतरी.
कागदावर लॅटिन होतं. मला वाटलं, बाळासाठी असेल.
चौथं का राहत नाही ते नऊ वर्षांनी कळलं,
दुसऱ्याच एका डॉक्टरनं फाइल चाळता चाळता सांगितलं,
आज बर्फ पडेल असं सांगावं तसं.

सही माझीच आहे, म्हणाली. अक्षर बघा, माझंच.

काय तपासायचंय, कशासाठी, किती वेळ, ते मी सांगितलं.
स्पेक्युलम तिच्या हातात दिलं.
तिनं ते उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.
बदकाची चोच, म्हणाली, आणि हसली नाही.
मी ते नळाखाली कोमट केलं,
मनगटाला लावून पाहिलं, बाटलीतलं दूध पाहतात तसं.
ती टेबलावर आडवी झाली, कोटासकट.
चादर गुडघ्यांवर.
हात लावू? मी विचारलं.

‘ना.’

तिच्या भाषेतले दोनच शब्द मला येतात.
‘दुखल’ म्हणजे दुखतंय.
आणि हा.

मी हात मागे घेतला. हातमोजे काढले.
स्टूल भिंतीपर्यंत सरकवलं, चाकं कुरकुरली.
ती कोपरांवर उठली. मला बघत राहिली,
तराजूचा काटा बघतात तशी.
आता काय? म्हणाली.
काही नाही. उठून बसा हवं तर.
म्हणजे तुम्ही थांबलात.
थांबले.
मी नुसतं म्हणून बघितलं, म्हणाली,
आणि तिचा आवाज कुठेतरी अडकला.

तिला मी हे सांगितलं नाही :
चौथ्या वर्षाला असताना, थिएटरमध्ये,
भूल दिलेली एक बाई, तोंडाकडे हिरवा पडदा,
आणि आम्ही पाच जण रांगेत, शिकायला.
माझा नंबर तिसरा. अर्धं मिनिट.
गर्भाशय बरोबर सापडलं म्हणून सरांनी शाबासकी दिली.
ती बाई जागी होती तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं.
जागी झाल्यावर कुणी सांगितलंही नसेल.
कुठे असेल? टपाल कचेरीत, बेकरीत,
की माझ्याच दाराबाहेरच्या बाकावर?
मला तिचे पाय तेवढे आठवतात,
डाव्या टाचेवर चिकटपट्टी, नवा बूट चावलेला.
त्या दिवशी घरी जाऊन मी आईला फोन केला.
म्हटलं, जमलं मला.

रक्त कुणासाठी थांबत नाही. तेही अरांकाला सांगितलं,
न घाबरवता, पण काही न लपवता.
किती दिवस थांबता येईल आणि किती नाही.
तिनं ऐकून घेतलं. बटणं गळ्यापर्यंत लावली.
दारात वळली : आणि अर्ध्यात ना म्हटलं तर?
अर्ध्यात थांबेन.

गुरुवारी ती आली. सुनेला बाहेरच बसवलं.
कोट काढून खुंटीला अडकवला.
मी पुढे व्हायच्या आत नळ सोडला,
धारेखाली बोट धरून उभी राहिली
पाण्याची थंडी मोडेपर्यंत.
हं, म्हणाली. आता विचारा.